फ्लाइट जॅकेटवरची चामडी नावपट्टी खरी कशामुळे वाटते?

माझ्या टेबलाच्या खणात दोन नावपट्ट्या आहेत. दोन्ही चार इंच लांब, दोन्ही तपकिरी, दोन्हींवर माझंच नाव. एक नेटवरून मागवलेली, दुसरी पुण्यात प्रबंध बांधून देणाऱ्या एका बाइंडरच्या शेजारी बसून करून घेतलेली. हातभर अंतरावरून बघितलं तर फरक कळत नाही. जॅकेटवर ठेवल्या की मात्र पहिली उपरी वाटते आणि दुसरी जॅकेटबरोबरच जुनी होत आल्यासारखी बसते. हा फरक कशामुळे पडतो ते उमगायला मला दोन वर्षं लागली. कुणी नुकतंच हौसेने फ्लाइट जॅकेट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या धाटणीचं चामडी जॅकेट घेतलं असेल आणि आता त्यावर नाव लावायचं मनात असेल, तर त्यांची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नावपट्टी, म्हणजे इंग्रजीतला नेम टॅग, ही जॅकेटच्या डाव्या छातीवर शिवलेली चामड्याची पट्टी. तिच्यावर घालणाऱ्याचं नाव. वस्तू एवढीशीच. पण जपानमधले बझ रिकसन्स आणि रिअल मकॉइज, इंग्लंडमधले ईस्टमन, स्कॉटलंडमधले एरो लेदर हे प्रतिकृती करणारे लोक कातड्याच्या पोतापासून चेनच्या खिट्टीपर्यंत सगळं जुन्या नमुन्यावरून जुळवतात, आणि अशा एका जॅकेटला हजार डॉलरच्या वर सहज मोजावे लागतात. त्यावर कशीतरी केलेली पट्टी लागली की बघणाऱ्याची नजर थेट तिथेच जाते. कपड्यावर कुठेही अक्षर असलं की डोळा आधी ते वाचतो, मग बाकीचं बघतो.

जॅकेट सरकारचं, नाव माणसाचं

थोडा इतिहास लागेल, कारण पट्टी कशी हवी हे जॅकेट कुणाचं आणि कधीचं यावर ठरतं.

अमेरिकेच्या लष्करातल्या हवाई विभागाने, म्हणजे आर्मी एअर कोअरने, ९ मे १९३१ रोजी ए-२ नावाचं जॅकेट अधिकृत केलं. त्याआधीच्या ए-१ ला बटणं आणि विणलेली कॉलर होती. ए-२ ला पुढे चेन आली, शर्टासारखी चामड्याची कॉलर आली, झडप असलेले दोन खिसे आणि मनगट-कमरेला विणलेल्या पट्ट्या आल्या. कातडं बहुतेक वेळा घोड्याचं, काही कंत्राटांत शेळीचं. एरो लेदर (ही त्या काळची अमेरिकी कंपनी, आजच्या स्कॉटलंडवाल्यांचं नाव तेच), रफ वेअर, पेरी स्पोर्ट्सवेअर, डुबो अशा बऱ्याच कंपन्यांनी सरकारी कंत्राटावर ती शिवून दिली. म्हणूनच जुनी जॅकेटं कंत्राटानुसार रंगाला, कॉलरच्या टोकाला, खिशाच्या कापाला थोडीथोडी वेगळी असतात. १९४१ च्या जूनमध्ये एअर कोअरचं आर्मी एअर फोर्सेस झालं, १९४३ मध्ये ए-२ ची नवी खरेदी थांबली आणि तिच्या जागी कापडी बी-१० आलं. वैमानिकांनी मात्र आपापली चामडी जॅकेटं सोडली नाहीत.

नौदलाचं जॅकेट वेगळं. युद्धकाळात त्याचं नाव एम-४२२ ए, पुढे वाढत-बदलत त्याचं जी-१ झालं. शेळीचं दाणेदार कातडं, कॉलरला कातरलेली लोकर, आणि पाठीवर हात हलवायला सोपं जावं म्हणून चुण्या.

आता महत्त्वाचा मुद्दा. कंत्राटदाराने जॅकेट शिवलं, कॉलरखाली लेबल लावलं, त्यावर कंपनीचं नाव आणि कंत्राट क्रमांक विणला. घालणाऱ्याचं नाव त्याला माहीतच नव्हतं. जॅकेट तळावर पोचलं, कुणाच्या तरी हाती पडलं आणि मग त्यावर नाव चढलं. म्हणजे जॅकेट शिवणारा वेगळा, पट्टी करणारा वेगळा, आणि ती शिवून देणारा बहुतेक तिसराच. पट्टीचं कातडं जॅकेटच्या कातड्याशी जुळत नाही, दोरा वेगळ्या रंगाचा असतो, जॅकेटच्या सुबक शिलाईशेजारी पट्टीची शिलाई घाईची दिसते, ते सगळं यामुळे. नवा माणूस इथेच फसतो. जॅकेटच्या रंगाला हुबेहूब जुळणारं चामडं शोधत बसतो, कडा घासून गोल करतो, चकाकी देतो. जॅकेटच्या कातड्यात आणि पट्टीच्या कातड्यात थोडी फारकत असली तरच ती पट्टी खरी वाटते.

कुठलीही पट्टी समोर आली की मी आता तीनच गोष्टी विचारतो. ही कुणी केली असेल, कशाने केली असेल आणि किती घाईत केली असेल?

तीन घराण्यांच्या तीन पट्ट्या

ए-२ वरची युद्धकाळातली पट्टी अरुंद असते. लांबी साधारण चार इंच, रुंदी अर्ध्या इंचापासून इंचापर्यंत. कातडं पातळ. कोपरे चौकोनी, कडा कापल्या तशाच कोऱ्या. मजकूर एका ओळीत आणि सगळी मोठी रोमन अक्षरं. पहिलं नाव, मधल्या नावाचं आद्याक्षर, आडनाव, किंवा नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव हीच रीत असल्यामुळे मराठी नाव या साच्यात अलगद बसतं. हुद्दा सहसा पट्टीवर नसे. तो खांद्यावर असे, कारण बढती मिळाली की खांद्यावरचं चिन्ह बदलणं सोपं.

नौदलाची पट्टी जास्त रुंद. तिच्यावर पंखांचं चिन्ह, खाली नाव, त्याखाली हुद्दा आणि दलाची आद्याक्षरं, बहुतेक सोनेरी वर्खात. कायम नौदलवाल्यासाठी 'यूएसएन', राखीव दलातल्यासाठी 'यूएसएनआर', मरीन असेल तर 'यूएसएमसी'. इथे पंख नीट बघा. नौदल वैमानिकाच्या पंखांमध्ये ढालीमागे नांगर असतो आणि ते सोनेरी असतात. लष्करी वैमानिकाच्या पंखांत नुसती ढाल, आणि पंख रुपेरी. ए-२ वर नांगरवाले सोनेरी पंख लावलेले मी एकापेक्षा जास्त वेळा बघितले आहेत. विक्रेत्याकडे एकच ठसा असतो आणि तो सगळ्यांना तोच मारून देतो.

तिसरी पट्टी आताची. १८ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेचं हवाई दल स्वतंत्र झालं, आणि १९८८ मध्ये त्या दलाने ए-२ पुन्हा सुरू केलं. या नव्या जॅकेटवरची पट्टी साधारण दोन बाय चार इंचांची असते, वर पंख, खाली नाव आणि हुद्दा, मागे वेल्क्रो. वेल्क्रोचं पेटंट जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने १९५० च्या दशकात घेतलं. म्हणजे १९४२ च्या जॅकेटवर वेल्क्रोची पट्टी ही पुढच्या दशकातून आलेली वस्तू आहे. नेटवर 'लेदर फ्लाइट नेम टॅग' असं शोधलं की सगळ्यात आधी हीच रुंद, पंखवाली, आजची पट्टी समोर येते, कारण तिला आजही सैनिकी गिऱ्हाईक आहे. तुमचं जॅकेट १९८८ नंतरच्या धर्तीचं असेल तर ती अगदी योग्य. महायुद्धातल्या ए-२ ची प्रतिकृती असेल तर ती विसरा.

अक्षर कातड्यात उतरतं कसं

आता खरं काम. जुन्या पट्टीवरचं नाव बहुतांशी दाबून उमटवलेलं असे. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, तापवून कातड्यावर दाबायचे, झालं. वर्ख न घालता दाबलं तर नुसता खोलगट, थोडा काळसर ठसा उमटतो. मधे सोनेरी किंवा रुपेरी वर्खाची फीत धरून दाबलं तर त्या खोलगट जागेत वर्ख चिकटतो. पेन्सिली, पाकिटं, वह्या यांवर नावं छापणारी हाताने दाबायची छोटी मशीनं त्या काळच्या अमेरिकेत दुकानादुकानांत होती. असं मशीन तापलेलं असलं आणि खिळे हाताशी असले की एक नाव जुळवून दाबायला काही मिनिटं पुरतात. काही पट्ट्या हाताने रंगवलेल्या, काही एकेक अक्षराचा ठसा हातोडीने ठोकून केलेल्याही सापडतात.

हे वाचताना ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. एम.ए., पीएच.डी.च्या प्रबंधाच्या काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटतात ती याच पद्धतीने. विद्यापीठांच्या आसपासच्या गल्ल्यांत आणि जुन्या छापखान्यांच्या वस्तीत हे काम करणारे बाइंडर अजून आहेत. त्यांच्याकडे खिळ्यांचे खण असतात. शिशाचा खिळा ताप आणि दाब दोन्ही फार काळ सोसत नाही, त्याच्या कडा बसतात, म्हणून सोनेरी कामाला पितळी खिळे वापरतात. युद्धकाळातल्या नावपट्टीला लागतं तेवढं सगळं तंत्र तुमच्या शहरातल्या एखाद्या दुकानात पडून आहे. हे माझ्या डोक्यात यायला उशीर झाला, तुम्हाला व्हायला नको.

मी त्या बाइंडरकडे गेलो तेव्हा सोबत कातड्याचा एक तुकडा नेला होता, जुन्या बॅगेचा. छान मऊ, रंगही हवा तसा. त्यांनी नाव जुळवलं, वर्ख न घालता दाबलं, उचललं. अक्षरं स्पष्ट दिसली. तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "थांबा जरा." दोन मिनिटांत अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या, ठसा उथळ झाला. "हे कातडं अक्षर धरत नाही, साहेब," ते म्हणाले, "चपलेचं कातडं आणा."

त्यांच्या त्या एका वाक्यात चर्मशास्त्राचा एक अख्खा धडा होता. कातडं कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची. आजच्या बहुतेक बॅगा, सोफे, जॅकेटं या कातड्याची असतात. ते मऊ, लवचीक असतं, आणि लवचीक असल्यामुळेच दाबलं तरी परत फुगून वर येतं. दुसरी रीत झाडपाल्याची. बाभळीची साल, हिरडा असल्या तुरट गोष्टींत कातडं मुरवायचं. आपली कोल्हापुरी चप्पल या कातड्याची. ते ताठ असतं, ओलसर करून दाबलं की दाबलेला आकार कायमचा धरून ठेवतं, आणि तापलेला खिळा टेकला की तेवढीच जागा गडद होते. कोल्हापुरीच्या पट्ट्यावर ठोकलेली नक्षी वर्षानुवर्षं घासूनही राहते, ते यामुळेच.

तेव्हा पट्टीसाठी झाडपाल्याने कमावलेलंच कातडं घ्या. चपलेच्या तळाचं फार जाड होतं, पातळ केलेलं मागा. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असावी. अमेरिकेतले विक्रेते कातड्याची जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. म्हणजे 'दोन-तीन औंस' लिहिलं असेल तर ते आपल्या कामाचं. मुंबईत धारावीच्या चामडे बाजारात असा पातळ तुकडा सुट्टा मिळू शकतो. पट्टीला वीतभर कातडंसुद्धा रग्गड होतं, त्यामुळे अख्खं कातडं घ्यायची गरज नाही.

दुसऱ्या खेपेला मी तसा तुकडा नेला. बोळ्याने किंचित ओलसर केला, पाच मिनिटं मुरू दिला. पहिला ठसा जास्त तापात मारला गेला आणि अक्षरांच्या कडा करपल्या. दुसरा कमी तापात, थोडा जास्त वेळ दाबून. हँडल वर गेलं आणि कातड्यात माझं नाव बसलेलं होतं, गडद तपकिरी, ओळीच्या उजव्या टोकाला डाव्यापेक्षा जरासं खोल. बाइंडर म्हणाले, पाटा थोडा कललाय, परत मारू का? मी घाईघाईने नको म्हटलं. तो कल तर मला हवा होता. हाताने दाबलेल्या ओळीत दाब कधीच सगळीकडे सारखा नसतो.

सोनेरी हवं असेल, म्हणजे नौदलाच्या पट्टीला, तर कातडं ओलं करू नका. कोरड्यावरच वर्ख धरतो. आणि त्या वर्खाला तुटकपणा येऊ द्या. जुन्या पट्ट्यांवर सोनं खाचांच्या तळाशी शिल्लक असतं, कडांवरून झडलेलं असतं. ते वापरण्याने आपोआप होतं.

अक्षरांवरून काळ कळतो

माझी पहिली पट्टी लेसरने कोरलेली होती. तिची अक्षरं जळून खोल गेलेली, तळाला काजळी. अंगठा फिरवला की काळा व्हायचा. त्याहून मोठी चूक तिच्या टाइपात, म्हणजे अक्षरांच्या वळणात होती, आणि ती मला तेव्हा दिसलीच नव्हती.

संगणकावर सहज हाताशी येणारा टाइप म्हणजे एरियल. तो १९८२ चा. ज्याच्या धर्तीवर तो आला तो हेल्वेटिका स्वित्झर्लंडमध्ये १९५७ साली निघाला. म्हणजे १९४३ च्या पट्टीवर हेल्वेटिका हा चौदा वर्षं आधी आलेला पाहुणा. सर्वसाधारण बघणाऱ्याला हे सांगता येणार नाही, पण काहीतरी आजचं आहे हे त्याच्या डोळ्याला जाणवतं. दुकानांच्या पाट्या, फॉर्म, औषधांची वेष्टनं, सगळीकडे तो ही अक्षरं रोज बघतो.

मग कुठला टाइप चालेल? त्या काळच्या अमेरिकी छापखान्यांत रुळलेले साधे, बिनकाट्याचे, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा नसलेले टाइप. फ्रँकलिन गॉथिक, न्यूज गॉथिक, आणि टोकांना बारीकसे काटे असलेला कॉपरप्लेट गॉथिक, हे तिन्ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. फ्यूचुरा १९२७ चा. सैनिकी वाटावं म्हणून पुष्कळ लोक मधे तुटलेली स्टेन्सिलची अक्षरं निवडतात. ती अक्षरं पेट्यांवर आणि पिंपांवर पत्र्याच्या साच्यातून रंग मारायला होती. नावपट्टीवर त्यांचं काही काम नाही.

आकाराचं गणितही सोपं आहे. एका इंचात ७२ पॉइंट. २४ पॉइंटच्या टाइपातलं मोठं अक्षर उंचीला जेमतेम पाव इंच भरतं. पाऊण इंच रुंद पट्टीवर ते मधे बसवलं की वर पाव इंच, खाली पाव इंच मोकळं राहतं, आणि हीच ती जुनी, ऐसपैस दिसणारी मांडणी. नाव लांब असेल तर १८ पॉइंट घ्या. देशपांडे, कुलकर्णी ही आडनावं आद्याक्षरांसकट २४ पॉइंटात चार इंचांत आरामात मावतात. पट्टी भरून टाकायचा मोह टाळा. नवे विक्रेते अक्षर मोठं करतात, कारण चित्रात ते उठून दिसतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त आवडते, ती म्हणजे अक्षरांमधली जागा. खिळा म्हणजे धातूचा चौकोनी ठोकळा. अक्षर कितीही तिरपं असो, ठोकळा चौकोनीच. रोमन लिपीत 'पवार' लिहा. पी, ए, डब्ल्यू, ए, आर. ए वर निमुळता, डब्ल्यू खाली निमुळता. दोन ठोकळे शेजारी ठेवले की तिरप्या रेघांच्या मधे पोकळी राहते, आणि शब्द मधेच विरळ दिसतो. 'चव्हाण'मधल्या ए-व्ही-ए चंही तेच. संगणक ही पोकळी आपण न सांगता बुजवतो, तिरपी अक्षरं एकमेकांच्या कुशीत सरकवतो. दिसायला ते सुबक होतं, पण धातूच्या खिळ्यांत तसं होत नाही. मुद्दाम खिळा कापल्याशिवाय दोन ठोकळे एकमेकांत घुसत नाहीत, आणि नावपट्टीसाठी खिळे कापत कोण बसणार?

म्हणून खऱ्या खिळ्यांनी काम होत असेल तर निर्धास्त राहा, ही विरळ जागा आपोआप येईल. हल्ली बरेच बाइंडर खिळे जुळवत नाहीत, संगणकावरच्या अक्षरांचा धातूचा ब्लॉक करून घेतात. तसं असेल तर अक्षरं तुम्ही स्वतः मांडून द्या, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये मांडाल त्यातलं कर्निंग, म्हणजे अक्षरं अशी जवळ सरकवणारी सोय, बंद करा. एवढं एक बटण दाबल्याने पट्टी चाळीस वर्षं मागे जाते.

हाताच्या ठशांनी, एकेक अक्षर ठोकूनही करता येतं. मोठ्या अक्षरांच्या ठशांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण तो लोखंडावर ठोकायचा असतो. त्याच्या अक्षरांच्या रेघा बारीक आणि धारदार असतात, कातडं कापतात. चामड्याच्या कामासाठीचे वेगळे ठसे येतात, ते घ्या. आणि आधी निदान वीस वेळा टाकाऊ तुकड्यावर ठोकून बघा.

विकत घ्यायची असेल तर

सगळ्यांना बाइंडरकडे जाऊन बसायला जमेल असं नाही. प्रतिकृती जॅकेटं करणाऱ्यांपैकी काही जण पट्टीही करून देतात. जॅकेट त्यांच्याकडून घेत असाल तर तेव्हाच विचारा, मागाहून एकट्या पट्टीसाठी परदेशी टपालखर्च पडतो. स्वतंत्रपणे करणारेही आहेत. त्यांना मी चार प्रश्न आधीच पाठवतो. कातडं झाडपाल्याने कमावलेलं आहे का? ठसा तापवलेल्या खिळ्यांनी की लेसरने? टाइप कुठला, आणि त्याचा फोटो मिळेल का? पट्टी नेमकी किती इंच? जो कारागीर मन लावून काम करतो तो या प्रश्नांनी खूश होतो, आपणहून दोन गोष्टी जास्त सांगतो. फोटो मागताना तिरक्या उजेडातला मागा. समोरून पडलेल्या उजेडात ठसा आणि छपाई सारखीच दिसते. बाजूने उजेड आला की खाचेत सावली पडते आणि अक्षर खरंच दाबलेलं आहे की नुसतं छापलंय ते लगेच कळतं.

'जुनं दिसण्यासाठी घासून देतो' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. सँडपेपरने घासलेलं कातडं सगळीकडे एकसारखं घासलं जातं. वापराने झिजणारी पट्टी जिथे हात, पट्टे, दाराच्या कडा लागतात तिथेच झिजते. नव्या कोल्हापुरीला तेल दिलं की तिचा रंग कसा खोल होत जातो ते आपण बघितलेलं असतं. पट्टीलाही तेलाचा एक हलका हात द्या, चार दिवस उन्हात ठेवा. बाकीचं जॅकेट घालून होऊ द्या.

आपल्याकडच्या तळांवरची जॅकेटं

एक उपशाखा आपल्याला जवळची आहे म्हणून थोडक्यात. १९४२ पासून अमेरिकी वैमानिक आसामातल्या चाबुआसारख्या तळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत माल नेत. या मार्गाला ते 'हंप' म्हणत. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा त्यांचा ढालीच्या आकाराचा बिल्ला, वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे, भारतीय कारागिरांनी हजारोंनी करून दिला. जरीच्या तारेने भरलेले, चामड्याचे तुकडे जोडून केलेले, असे ते बिल्ले आज संग्राहक जपून ठेवतात. तुमच्या मनात या आघाडीचं जॅकेट असेल तर हातकामाला मोकळं रान आहे. आपल्या कारागिराने आपल्या अवजारांनी केलेली, जराशी हललेली पट्टीही तिथे शोभते.

शिवताना

चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून शिवण्याआधी पुरता वेळ घ्या. जॅकेट टेबलावर पसरून जागा ठरवू नका. अंगात घाला, चेन पूर्ण लावा, आरशासमोर उभे राहा. घातल्यावर छातीचं चामडं खाली आणि बाजूला सरकतं, आणि टेबलावर सरळ वाटलेली पट्टी अंगावर काखेकडे कललेली दिसते. कागदाची तेवढीच पट्टी कापून दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. जागा डाव्या खिशाच्या झडपेच्या वर, तिला समांतर. पुढे कधी तुकडीचा बिल्ला लावायचा असेल तर त्याच्यासाठी चार-पाच इंच सोडूनच पट्टीची जागा धरा, कारण नंतर पट्टी हलवली की भोकांची जुनी रांग कायम दिसत राहील.

दोरा सुती घ्या. नायलॉनचा दोरा चकाकतो आणि फोटोत लांबूनही ओळखू येतो. घरच्या शिलाई मशीनवर हे करू नका, सुई मोडते आणि टाका सरकतो. बॅगा-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे चामड्याचं मशीन असतं, त्याच्याकडे जा. टाके अगदी कडेलगत, चारही बाजूंनी एकच फेरी. हाताने शिवणार असाल तर आरीने आधी भोकं पाडा, दोऱ्याला मेण लावा. गोंद लावू नका. लावायचाच तर पट्टी सरकू नये एवढा मधोमध एक थेंब.

अस्तराचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. दोन वाटा आहेत. कमरेच्या पट्टीलगत अस्तर थोडं उसवून आतून हात घालायचा आणि फक्त चामड्यातून शिवायचं, किंवा अस्तरासकट आरपार शिवायचं. आरपार शिवलं की आत चौकोनी टाके दिसतात. जुन्या जॅकेटांतही असे टाके बघायला मिळतात, कारण तयार जॅकेट उसवत बसायला तळावर कुणाला वेळ होता? मी आरपार शिवून घेतलं.

नाव कुणाचं घालायचं यावर माझं मत ठाम आहे. स्वतःचं घाला. त्या युद्धात उडालेल्या कुणा खऱ्या वैमानिकाचं नाव आपल्या छातीवर लावू नये. तो माणूस त्या नावासकट विमानात बसला होता, आणि कदाचित परत आला नाही. त्याची मुलं-नातवंडं आज असतील. शिवाय चांगली केलेली पट्टी तीस वर्षांनी खरोखर जुनी दिसू लागते, जॅकेट हातोहात फिरतं, आणि कधीतरी कुणीतरी ते अस्सल म्हणून विकतं किंवा घेतं.

त्यासाठी एक साधी गोष्ट करा. शिवायला देण्याआधी पट्टी उलटी करा आणि पाठीच्या खरखरीत बाजूवर बॉलपेनने साल आणि गावाचं नाव दाबून लिहा. तिथे उलट्या बाजूला तुमच्या नावाच्या अक्षरांचे किंचित उंचवटे बोटाला लागतील, त्यांच्या खाली जागा असते. माझ्या पट्टीवर 'पुणे' लिहिलंय आणि शेजारी साल. शिवणाऱ्या काकांनी ते वाचलं, पट्टी फिरवून परत पुढचं नाव वाचलं, आणि न बोलता मशीनखाली घेतली.